ग्रहणाचा आरोप

दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले, की आमच्या लोधीखेड्याकडेच काय, गावोगाव दोष मातेवर येतो: ग्रहणात तिने भाजी चिरली! आरोपीचे म्हणणे न ऐकता हा निवाडा कोणत्या न्यायाने दिला, असे आम्ही विचारतो. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत ओठाच्या वा टाळूच्या बाजू सांधावयाच्या राहून जातात; तेथे विळीचा संबंध काय?

प्लास्टिक सर्जरी ही नटनट्यांची हौस, असे म्हणणाऱ्या शहाण्यांचे तर नवल वाटते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी घडविणे. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली पुण्याकडील हकीकत छापली: टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजीस कपाळाची कातडी वळवून नवे नाक मिळाले. रुग्णाचे नाव छापले. शस्त्रक्रिया करणाऱ्याची मात्र केवळ जात, विटा पाडणाऱ्याची. (सुश्रुताचा जयघोष करणाऱ्या आम्ही तरी त्याची कोठे चौकशी केली?)

आज लोधीखेड्याहून नागपूर काही दूर नाही. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली या शास्त्राचा स्वतंत्र विभाग उभारला. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात, टाळू दीड वर्षाच्या आत शिवली, तर बहुतेक मुले स्पष्ट बोलू लागतात. फार उशीर झाल्यास उच्चार नाकातून येत राहण्याचे भय असते. नवसाच्या भरवशावर ही वर्षे दवडणाऱ्या बापाने मातेस कोणत्या तोंडाने बोल लावावा?