आई, तू हात लावू नकोस

आमच्या घरातला प्रिंटर हौसेचा नाही. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झाल्यापासून ह्यांना पुस्तकातलं अक्षर लागत नाही. पण चोवीस पॉइंटचं ठसठशीत अक्षर असलं की वाचता येतं. म्हणून मी रोज रात्री एखाद्या गोष्टीची चार पानं टाइप करते, छापते आणि सकाळी चहाबरोबर त्यांच्या हातात देते. चाळीस वर्षं ज्यांनी पेपर आल्याशिवाय चहाला तोंड लावलं नाही, त्यांच्यासाठी ही चार पानं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

पावसाळ्यात आम्ही दीड महिना लेकीकडे पुण्याला होतो. रत्नागिरीला परत आलो तर प्रिंटर रुसलेला! आधी ‘ऑफलाइन’. मग कागद अडकला. मग छापून आलं ते मधोमध पांढरे पट्टे घेऊन. मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आई, तू हात लावू नकोस. नवीन मागवतो.”

प्रेमानंच म्हणाला हो. पण मला ते लागलं.

अहो, आमच्या शाळेत सायक्लोस्टाइल मशीन होतं. स्टेन्सिल कापायची, शाई भरायची, हँडल फिरवायचं आणि काळ्या बोटांनी घरी यायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते अडलं तर कोण नवीन मागवणार? आमचे शिपाईमामा कागदाचे गठ्ठे बल्ब लावलेल्या कपाटात ठेवत. “बाई, मशीन नाही बिघडलं, कागद ओलावलाय,” म्हणत. ते आठवलं आणि मी पदर खोचला.

कागद दमटच होता. कोकणातला पावसाळा! दमट पानं एकमेकांना चिकटतात, दोन-तीन एकदम आत जातात आणि अडकतात. प्रिंटर बंद केला, वायर काढली, मागचं झाकण उघडलं. कागद ज्या दिशेनं पुढे सरकतो त्याच दिशेनं, दोन्ही हातांनी, हळूहळू ओढला. हिसका दिला की तुकडा आत राहतो आणि तोच पुढे छळतो. आता कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवते आणि लागतील तेवढीच पानं बाहेर काढते.

‘ऑफलाइन’चं कारण तर हसण्यासारखं निघालं. निघायच्या आधी वायफायचा डबा बदलला होता आणि प्रिंटर बिचारा जुन्याच नावाला हाका मारत होता! नवं नाव आणि पासवर्ड दिला. तरी छापेना, तेव्हा लॅपटॉपवरची रांग पाहिली. पुढचं एक काम अडलेलं, मागची सगळी ताटकळलेली. रेशनच्या दुकानात व्हायचं तसंच. अडलेलं काम रद्द केलं, दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. रांग सुटली.

राहिले पांढरे पट्टे. आमचा शाईचा, इंकजेट प्रिंटर. वापरला नाही की शाईची बारीक छिद्रं सुकतात. सेटिंग्जमध्ये छिद्रं तपासायची आणि ‘हेड क्लीनिंग’ची सोय असते. दोनदा केलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी पुन्हा एकदा. सारखं करू नये, प्रत्येक वेळी शाई वाया जाते. खरा उपाय म्हणजे आठवड्याला एक तरी रंगीत पान छापावं. विद्येसारखंच आहे हे, वापराल तर टिकेल.

आता माझं म्हणणं. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि कमाई शाईवर करायची, हा पुष्कळ कंपन्यांचा जुना हिशेब. त्यामुळे दुरुस्तीपेक्षा नवा बरा, असं आपल्यालाही वाटू लागतं. आपल्याच यंत्राला आपल्याला हात लावता येऊ नये, हे काही जणांना पूर्वीपासून खुपत आलंय. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांना सारखा अडकणाऱ्या लेझर प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करायची होती, पण मूळ प्रोग्राम द्यायला नकार मिळाला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे तो अनुभवही होता. आपल्याकडेही २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं.

पण कंपन्यांचं सोडा, घरातलं काय? विद्यार्थ्याचं गणित बाईंनीच सोडवून दिलं तर वही पूर्ण होते, गणित काही येत नाही. मुलांनो, “हात लावू नकोस” म्हणण्याऐवजी “हात लाव, मी फोनवर आहे” एवढं म्हणून बघा. दहा मिनिटं जास्त जातील, पण समोरचं माणूस तेवढं कमी परावलंबी होईल. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, आपणही “आम्हाला नाही बाई कळत” हे पालुपद सोडू या. जळका वास आला, आतून शाई गळू लागली, तर मेकॅनिकलाच बोलवावं. पण त्याच्या अलीकडचं बरंच काही आपल्या हातातलं असतं.

असो. चौथ्या दिवशी सकाळी चार पानं ह्यांच्या हातात दिली. चहा निवला तरी मान वर नाही. मग म्हणाले, “तिसऱ्या पानावर दुसरी ओळ जरा पुसट आलीय.”

दिसली म्हणूनच सांगितली ना! मी पुन्हा छापून दिली.