हुबेहूब

हिवाळ्याच्या दिवसांत घाटकोपरच्या एका शाळेतील सातवीचा वर्ग सहलीला निघाला. सकाळची वेळ असूनही स्थानकावर पाय ठेवावयास जागा नव्हती. कोणी लोकलमधून उतरत होते, कोणी मेट्रोच्या जिन्याकडे धावत होते. फलाटाच्या कडेला एक सफाई कामगार बाई लांब दांड्याच्या झाडूने कचरा एकत्र करीत होती. मुलांची रांग त्या कचऱ्याच्या ढिगावरूनच गेली आणि ढीग पुन्हा विस्कटला. बाईने झाडू उचलला आणि पहिल्यापासून आरंभ केला. मुलांपैकी कोणाच्याही ही गोष्ट ध्यानात आली नाही. त्यांचे सारे लक्ष येणाऱ्या गाडीकडे होते.

सहल जावयाची होती सासवण्याला. लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावयाचे, तेथून गेट वे ऑफ इंडियाला जाऊन मांडव्याच्या लाँचमध्ये बसावयाचे आणि सुमारे तासाभराने पलीकडच्या किनाऱ्यावर उतरावयाचे. मांडव्याहून अलिबागकडे जाणाऱ्या वाटेवर सासवणे हे गाव लागते. नारळी-पोफळीच्या सावलीतील या गावात शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आहे आणि त्या घराचेच आता शिल्पालय झाले आहे.

आवारात म्हशीचे शिल्प पाहताच मुलांनी गलका केला, “अगदी खरी! अगदी हुबेहूब!” पुढे प्रत्येक शिल्पापाशी हाच शब्द ऐकू येऊ लागला. कोळिणीच्या शिल्पासमोर मात्र एक मुलगी बराच वेळ उभी राहिली. ती म्हणाली, “बाई, ही अगदी आमच्या दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशींसारखी दिसते.”

बाईंनी विचारले, “त्या मावशी डोक्यावरची टोपली उतरवताना आधी कोणता हात सोडतात ग?”

मुलगी गोंधळली. “ते नाही पाहिले कधी, बाई.”

“किती वर्षे येतात त्या?”

“मी लहान होते तेव्हापासून.”

बाई यावर काही बोलल्या नाहीत. परंतु शिल्पकला कशासाठी असते, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर या लहानशा संभाषणात दडलेले आहे.

करमरकरांचा जन्म याच सासवण्यात 1891 मध्ये झाला. लहानपणी त्यांनी गावातील देवळाच्या भिंतीवर घोड्यावर स्वार झालेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. त्या वेळचे कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते पडले. मुलाच्या हातातील गुण त्यांनी ओळखला आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठविण्याची व्यवस्था केली. पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, इंग्लंडला जाऊन शिकून आले, थोरामोठ्यांचे पुतळे करून त्यांनी कीर्ती मिळविली. तथापि सासवण्याच्या घरी ठेवलेल्या त्यांच्या शिल्पांत थोरांइतकीच जागा साध्या माणसांना आणि मुक्या जनावरांनाही मिळाली आहे. सिमेंटसारखा रूक्ष पदार्थ. पण त्यांच्या हातून त्याला कातडीचा मऊपणा आला. 1967 मध्ये करमरकर निवर्तले. त्यांनी पाहिलेली माणसे मात्र तेथे अजून उभी आहेत.

आता मुलांच्या तोंडी आलेल्या त्या ‘हुबेहूब’ शब्दाचा विचार करावयास हवा. शिल्प हुबेहूब असले की ते उत्तम, असे पुष्कळांना वाटते. याच्या अगदी उलट मत असणारे लोकही आहेत. ते म्हणतात, “हुबेहूब करणे ही नुसती नक्कल झाली. नक्कल करावयाची तर कॅमेरा काय वाईट?” या दोन्ही मतांत थोडे सत्य आहे, पण पूर्ण सत्य दोहोंतही नाही.

पहिले मत तपासून पाहू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत काही शिल्पकारांनी हुबेहूबपणाची अगदी कमाल केली. अमेरिकेतील ड्वेन हॅन्सन हे त्यांपैकी एक प्रमुख शिल्पकार. त्यांचा काळ 1925 ते 1996. जिवंत माणसाच्या एकेका अवयवाचा साचा घ्यावयाचा, त्या साच्यांत राळ आणि काचतंतू यांचे थर देऊन कवच तयार करावयाचे, ते तुकडे जोडावयाचे, मग त्यांवर रंग चढवून त्वचेवरील शिरा, डाग आणि सुरकुत्या उमटवावयाच्या, केस बसवावयाचे आणि शेवटी खरेखुरे कपडे घालावयाचे, अशी त्यांची रीत होती. असा पुतळा कलादालनाच्या कोपऱ्यात ठेवला की पाहणाऱ्याला क्षणभर तो जिवंत माणूसच वाटावा.

परंतु हा भास कितीसा टिकणार? पुतळा हलत नाही, श्वास घेत नाही, हे थोड्याच वेळात कळून येते. ‘फसलो’ म्हणून पाहणारा हसतो. शिल्पात एवढेच असते तर हसून झाल्यावर त्याला पुढे जावयास हरकत नव्हती. जादूच्या खेळातील युक्ती कळली की खेळ संपतो. हॅन्सन यांच्या शिल्पापुढे मात्र माणूस फसगत कळल्यावरही रेंगाळतो. म्हणजेच त्याला धरून ठेवणारे काहीतरी हुबेहूबपणाहून वेगळे असले पाहिजे.

आता दुसरे मत. हुबेहूब शिल्प म्हणजे नक्कल, असे म्हणणाऱ्यांनी पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहावा. हा पुतळाही करमरकरांचाच. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात 1928 मध्ये त्याचे अनावरण झाले. एवढा मोठा ब्राँझचा पुतळा तुकड्या-तुकड्यांनी न करता मुंबईत माझगाव गोदीमध्ये एकसंध ओतण्यात आला, ही त्या काळी मोठी धाडसाची गोष्ट होती. पुतळ्यातील घोडा पाहताच जिवंत घोड्याची आठवण होते, कारण घोडे शिल्पकाराने डोळे भरून पाहिले होते. परंतु महाराजांना करमरकरांनी कोठे पाहिले होते? त्यांच्या आणि महाराजांच्या मध्ये दोन शतकांहून अधिक काळ होता. येथे नक्कल करावयास समोर कोणी नव्हते. जुनी चित्रे, इतिहास आणि मनातील आदर यांतून त्यांना ते रूप घडवावे लागले. जो पाहतो तो म्हणतो, “महाराज असेच असतील.” यावरून एवढे स्पष्ट होते की, समोरच्या वस्तूचे मोजमाप घेणे ही शिल्पकाराच्या कामाची केवळ पहिली पायरी आहे. माणसाच्या असंख्य हालचालींतून कोणती एक निवडावी, काय दाखवावे आणि काय सोडून द्यावे, याचा निर्णय कोणताही साचा करीत नाही. तो शिल्पकारालाच करावा लागतो.

रॉन म्यूक या शिल्पकाराचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्यांचा जन्म 1958 मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. त्यांचे आईवडील खेळणी तयार करीत. पुढे म्यूक इंग्लंडला गेले आणि चित्रपटांसाठी बाहुल्या व प्रतिकृती करता करता शिल्पकलेकडे वळले. त्यांच्या शिल्पांत त्वचेचे एकेक छिद्र, एकेक केस दिसतो. तरीही त्यांची माणसे खऱ्या माणसाच्या आकाराची नसतात. आपल्या मृत वडिलांचे शिल्प त्यांनी केले, ते जेमतेम एक मीटर लांबीचे. उकिडवा बसलेला एक मुलगा त्यांनी 1999 मध्ये घडविला, त्याची उंची सुमारे 5 मीटर आहे. हा मुलगा आता डेन्मार्कमधील ऑर्हूस या शहरातील संग्रहालयात आहे. सारे काही हुबेहूब, फक्त माप खोटे! पण त्या खोट्या मापातूनच एक खरी गोष्ट कळते. ज्या वडिलांच्या खांद्यावर बसून जग पाहिले, तेच मृत्यूनंतर किती लहान आणि असहाय दिसतात, हे त्या लहान देहाकडे पाहताना जाणवते. नुसती नक्कल ही जाणीव देऊ शकली नसती.

म्हणून हुबेहूबपणाला कलेचे साध्य मानू नये आणि क्षुद्रही लेखू नये. तो दिव्यासारखा आहे. दिवा सुंदर असावा हे खरे. पण त्याची परीक्षा तो कशावर उजेड पाडतो यावरून व्हावी.

या शिल्पांनी कोणावर उजेड पाडला, हे पाहण्यासारखे आहे. हॅन्सन यांनी राजे आणि सेनापती निवडले नाहीत. साफसफाई करणारी स्त्री, दुकानातली गाडी भरून खरेदी करणारी बाई, दमून बसलेला बांधकामावरचा मजूर, असे लोक त्यांनी निवडले. कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी मठाच्या परिसरात खेड्यातील जीवन दाखविणारे मोठे संग्रहालय आहे. तेथेही कुंभार, लोहार, न्हावी, शेतकरी आणि त्यांच्या घरातील स्त्रिया माणसाएवढ्या आकारात आपापल्या कामात गढलेल्या दिसतात. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. प्रसिद्ध व्यक्तींच्या मेणाच्या पुतळ्यांपाशी लोक नाव वाचून थांबतात. येथे थांबतात ते नुसत्या माणसापाशी.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, गरिबाच्या कष्टांचा असा देखावा मांडणे बरे नव्हे. तिकीट काढून लोक त्याच्याकडे पाहणार आणि विसरून जाणार. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. मजुराच्या पुतळ्याशेजारी हसत उभे राहून छायाचित्र काढावयाचे आणि बाहेर पडताना खऱ्या मजुराला धक्का देऊन पुढे जावयाचे, असे घडले तर ते शिल्प फुकट गेले. मात्र हा दोष शिल्पाचा की पाहणाऱ्याचा? शिल्पकार माणसाला थांबवू शकतो. थांबल्यावर त्याने काय पाहावे, हेही तो दाखवू शकतो. दालनाच्या दाराबाहेर मात्र त्याचा अधिकार चालत नाही. तेथून पुढचे काम पाहणाऱ्याचे आहे.

हे काम दिसते तितके सोपे नाही. पुतळ्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी त्याला संकोच वाटत नाही. जिवंत माणसाला वाटतो. म्हणून पुतळ्याला पाहण्याची रीत जशीच्या तशी माणसाला लागू करता येत नाही. माणसाकडे पाहणे म्हणजे त्याच्याकडे रोखून बघणे नव्हे. त्याच्या डोक्यावर ओझे असेल तर वाट देणे, त्याने झाडलेल्या जागी कागद न टाकणे, रोज दारी येणाऱ्या मावशींना नाव आहे हे जाणून ते विचारणे, टोपली उतरवताना हात पुढे करणे, याला पाहणे म्हणतात. ज्याने खरोखर पाहिले, त्याच्या वागण्यात ते उतरल्यावाचून राहत नाही.

मुंबईसारख्या शहरात याची गरज अधिक आहे. तेथे गर्दीत दररोज इतके चेहरे डोळ्यांसमोरून जातात की प्रत्येकाकडे पाहणे शक्य नसते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. घाईने चालणारा मनुष्य दुष्ट असतो असे नाही. परंतु न पाहण्याची सवय एकदा जडली की गर्दी नसतानाही ती सुटत नाही. ज्यांच्या श्रमांवर शहर चालते, तेच लोक मग शहराला दिसेनासे होतात. ही सवय मोडण्याचे काम शिल्पकार करतो. त्याने महिनोन्‌महिने एका साध्या माणसाकडे पाहिलेले असते. त्या माणसाचा हात, मान, थकवा, ऐट यांतील काहीच त्याने क्षुल्लक मानलेले नसते. ‘हा माणूस इतका वेळ पाहण्याच्या योग्यतेचा आहे,’ असेच तो आपल्या कृतीने सांगत असतो.

संध्याकाळी मुले घाटकोपरला परतली तेव्हा स्थानकावर सकाळहूनही अधिक गर्दी होती. सकाळची सफाई कामगार बाई आता तेथे नव्हती. तिच्या जागी दुसरी एक बाई होती. तिनेही खांबाजवळ कचऱ्याचा ढीग केला होता. कोळिणीच्या शिल्पापाशी रेंगाळलेली ती मुलगी रांगेत पुढे होती. तो ढीग पाहून ती किंचित थांबली आणि खांबाच्या पलीकडून वळसा घालून गेली. तिच्यामागून सारी रांग तशीच वळली. ढीग होता तसाच राहिला आणि त्या बाईने तो सुपडीत भरून घेतला.

सासवण्याची सहल सार्थकी लागली की नाही, हे ठरवावयास एवढे पुरे आहे.