नगररचनाकाराची वर्गणी

नगररचनेची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो. व्यावसायिक संस्थेचे शुल्क भरावे, वर्गणी द्यावी आणि नावापुढे सभासदत्वाची अक्षरे लावावीत. पण त्याच्या मोबदल्यात पदरात काय पडते? प्रश्न पैशाचा दिसतो. वस्तुतः तो जबाबदारीचा आहे.

१९५१ साली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया’ या संस्थेचे ऋण नाकारता येणार नाही. या विषयाची विद्यालये मोजकी असताना तिने स्वतःची परीक्षा चालविली आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना व्यवसायाचे दार उघडून दिले. त्या दाराने आत आलेल्याची फी वाया गेली, असे कोणी म्हणणार नाही.

परंतु वकिलाची सनद आणि नगररचनाकाराचे सभासदत्व यांत मोठे अंतर आहे. सनदेवाचून वकिली करता येत नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अर्थात तोही व्यवसायाला नव्हे, तर केवळ ‘वास्तुविशारद’ या नामाभिधानाला संरक्षण देतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. नगररचनाकाराच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही. राज्यांच्या नगररचना विभागांत मंजूर असलेल्या ३,९४५ पदांपैकी ४२ टक्के रिक्त आहेत आणि अनेक राज्यांत या पदांसाठी नगररचनेची अर्हता अनिवार्यही नाही, असे नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात नमूद केले. ज्या खुर्चीसाठी प्रमाणपत्र लागत नाही, तिच्यासाठी वर्गणी कोणी का भरावी?

याचे परिणाम मात्र सामान्य माणूस भोगतो. नकाशावर आरक्षणाची एक रेघ ओढली गेली, की महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यान्वये जमीनमालकाची दहा-दहा वर्षे अडकून पडतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात तर इतक्या चुका निघाल्या, की एप्रिलमध्ये तो नव्याने तपासण्याचा आदेश राज्य शासनास द्यावा लागला. त्या चुका नागरिकांनी नकाशावर बोट ठेवून दाखविल्या. जे काम व्यवसायाने स्वतः करावयाचे, ते रहिवाशांना करावे लागले!

नगररचनाकारांसाठी वैधानिक राष्ट्रीय परिषद स्थापावी, अशी शिफारस त्याच अहवालात आहे. ती रास्त आहे. पण कायदा झाला म्हणजे सारे साधले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. भारतीय वैद्यक परिषदही कायद्यानेच स्थापिलेली होती, आणि तरीही २०२० मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आणावा लागला. उद्याची परिषद केवळ शुल्क गोळा करणारा आणखी एक जकातनाका ठरली, तर तिच्यावाचून काही अडणार नाही.

म्हणून कसोटी एकच लावावी. सभासदाचे नाव नोंदवहीत घालताना जी संस्था त्याचे ज्ञान तपासते, पुढेही त्याला अभ्यास करावयास लावते आणि त्याने लोकहिताशी प्रतारणा केल्यास ते नाव खोडण्याचे धैर्य दाखविते, तिची वर्गणी महाग नव्हे. जे सभासदत्व गमावण्याचे भय कोणालाच नाही, ते मिळविण्यात भूषण तरी कसले?