तुझी टीम कुठली?

परवा शुक्रवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नेहमीचा विषय निघाला. शनिवार-रविवार कुठल्या मॅचेस आणि कोण कुणाकडे बघायला जाणार. आमच्या टेबलावर दोन आर्सेनल, तीन लिव्हरपूल, एक बार्सिलोना आणि एक बिचारा मँचेस्टर युनायटेड असा स्टाफ आहे. (सगळे जन्माने चिंचवड, कोथरूड, लातूर वगैरे.) नुकत्याच जॉइन झालेल्या एका मुलाने मला विचारलं, "तुझी टीम कुठली?"

मी म्हटलं, "पुणे सिटी."

"म्हणजे मँचेस्टर सिटी ना?"

नाही रे बाबा. एफसी पुणे सिटी. नारिंगी जर्सी, लोगोवर घोडा. त्याने कधी नावच ऐकलं नव्हतं. त्याची चूक नाही म्हणा, टीम २०१९ मध्येच गेली. पण तेव्हापासून डोक्यात २०१८ च्या मार्चमधला तो वीकएंड घोळतोय, म्हणून हा पोस्ट.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला होतो. आयएसएलचा चौथा सीझन, आणि आपण पहिल्यांदाच सेमीफायनलला! टेबलमध्ये चौथे, ३० पॉइंट. समोर बंगलोर, टेबलमध्ये पहिले, ४० पॉइंट. पण आपल्याकडे अल्फारो आणि मार्सेलिन्यो होते, त्यामुळे मला कागदावरचे दहा पॉइंट वगैरे काही दिसत नव्हते. सेमीफायनल दोन लेगची. बुधवारी, ७ मार्चला, पहिली बालेवाडीला झाली. सदाशिव पेठेतून बालेवाडीला जायचं म्हणजे आमच्या आजीच्या मते परगावच. सबमिशन्स बोंबलत ठेवून बाइकवर गेलो, घसा फुटेस्तोवर ओरडलो आणि ०-० बघून परत आलो. ०-० ची मॅच बघून एवढा खूश झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. का, तर "अजून संपलेलं नाही".

शनिवारी गोवा-चेन्नई. ही मॅच आपली नव्हती, त्यामुळे निवांत बघता येईल असं वाटलं होतं. कसलं काय! फातोर्ड्याला लान्झारोतेने गोल केला, सात मिनिटांत अनिरुद्ध थापाने फेडला, १-१. मी मात्र पूर्ण वेळ "फायनलला यातलं कोण आलेलं आपल्याला बरं" याचा हिशोब करत होतो. कोरो नको, चेन्नई परवडेल, असं चाललेलं. सेमीफायनल अजून खेळायची आहे आणि हा पठ्ठ्या फायनलचा प्रतिस्पर्धी निवडतोय. फॅन लोकांचं हे असंच असतं.

रविवार, ११ मार्च. घरच्या टीव्हीवर आई आणि आजीची सत्ता, त्यामुळे लॅपटॉप घेऊन मित्राच्या खोलीवर गेलो. मित्र कोल्हापूरचा. निंबाळकर तालीम चौकापासून दोन गल्ल्या आत एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहायचा. अंगाने काडी, म्हणून नाव पैलवान. खोलीच्या दारावर मालकांची पाटी : 'आवाज करू नये. एकदाच सांगितले जाईल.'

पंधराव्या मिनिटाला छेत्रीने गोल मारला. पाटीचा पूर्ण मान राखला गेला. ६५ व्या मिनिटाला पेनल्टी, परत छेत्री, २-०. पैलवान म्हणाला, "चल, मस्तानी खाऊन येऊ, हे काय आता होत न्हाई." मी हललो नाही. ८२ व्या मिनिटाला आपल्या लुक्काने फ्री किक डायरेक्ट आत घातली आणि मी किंचाळलो. म्हणजे खरंच किंचाळलो. कॉटवरून उठताना लॅपटॉपचा चार्जर निघाला. अर्ध्या मिनिटात दार वाजलं. मालक काका उभे.

"कोण जिंकतंय?"

"बंगलोर."

"मग ओरडताय कशाला?"

याला काय उत्तर देणार! ते गेले आणि ८९ व्या मिनिटाला छेत्रीने हॅटट्रिक पूर्ण केली. ३-१. खेळ खल्लास.

छेत्री चांगलाच खेळला, त्याबद्दल वाद नाही. मला रेफ्रीला वगैरे शिव्या घालायच्या नाहीत. पण त्या रात्री नागनाथ पारापर्यंत उगाचच चालत गेलो, घरी येऊन जेवलो नाही, आणि आजीने "परीक्षेत काही झालं का?" असं विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण आता फॅन झालो. बालेवाडीला जाऊन ओरडताना तसं वाटलं नव्हतं. तेव्हा ती एक मजा होती, मित्र, फोटो, जर्सी. हरल्यावर जेवण गेलं नाही, तेव्हा ती टीम माझी झाली.

(पुढच्या शनिवारी फायनलला चेन्नईने बंगलोरला बंगलोरमध्येच ३-२ हरवलं. मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.)

आणि टीम माझी झाल्यावर पुढे काय झालं? आणखी एक सीझन खेळून क्लब आर्थिक अडचणीत बंद पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. बरेचसे खेळाडू तिकडे गेले, कोचही तिकडे गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा मायग्रेट झाला, युजर्स मागे राहिले. मार्च २०२२ मध्ये त्याच हैदराबादने केरळला हरवून आयएसएल जिंकली. आपले आशिष राय आणि निखिल पुजारी त्यांच्या टीममध्ये. मी मॅच बघितली. आनंद व्हावा का वाईट वाटावं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग २०२५ मध्ये हैदराबादचाही क्लब उचलून दिल्लीला नेला, नाव झालं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. तिकडेही कुणीतरी थर्ड इयरचा पोरगा असेलच की.

आणि पुण्यात हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. पुणे एफसी २००७ चा क्लब, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता. गेला. भारत एफसी एकच सीझन खेळली. डीएसके शिवाजीयन्स दोन सीझन. म्हणजे पाचेक वर्षांत चार क्लब गेले. आपल्याकडे चहाची टपरी यापेक्षा जास्त टिकते.

"फ्रँचायझी आहे, बिझनेस आहे, पैसे संपले की दुकान बंद," असं मला बरेच लोक सांगतात. मान्य आहे. पण मग मला शहराचं नाव विकू नका ना. तुमच्या कंपनीचं नाव लावा. 'पुणे' असं लिहिलं म्हणून मी बाइकला किक मारली होती. ज्या नावावर तिकीट खपतं त्या नावाच्या माणसांना क्लब हलवताना साधं विचारायचीही गरज नसावी, हे मला आजही पटत नाही. जर्मनीत क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात असावीत असा नियम आहे. एक-दोन अपवाद आहेत, पण नियम आहे. तिथला क्लब असा रातोरात उचलून दुसऱ्या गावाला नेता येत नाही.

पण जर्मनीपर्यंत तरी कशाला जायचं? पैलवान मला तेव्हापासून सांगतोय, "तुमचं पुण्याचं सगळं भाड्याचं." त्याच्याकडे कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब. पेठेची टीम, पेठेचीच पोरं, शाहू स्टेडियमवर मॅच. तिथे कधी कधी मारामाऱ्या होतात, त्याचंही तो कौतुकाने वर्णन करतो (मला ते कौतुक झेपत नाही). पैसा आयएसएलच्या मानाने काहीच नाही. पण पाटाकडील तालीम उचलून हैदराबादला नेतो असं कुणी म्हणून तर बघा. कोल्हापूरच्या एका पेठेत जे आहे ते आख्ख्या पुण्याला, एवढ्या आयटी पार्कांना आणि मॉलना, का जमलं नाही?

याचं एक उत्तर मला आवडत नाही, पण लिहितो. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. फॅन लोकांनी काय केलं? स्वतःचा नवा क्लब काढला, मैदानावर ट्रायल्स घेऊन खेळाडू निवडले आणि अगदी खालच्या डिव्हिजनपासून सुरुवात केली. २०११ मध्ये ते प्रोफेशनल लीगमध्ये पोचले, २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनला, नवीन स्टेडियममध्ये परत आले. आणि २०१९ मध्ये आम्ही काय केलं? व्हॉट्सॅप ग्रुपचा डीपी काळा केला. आठवडाभराने कुणीतरी त्यावर सेकंडहँड बाइकची जाहिरात टाकली. मी स्वतः पुणे जिल्हा लीगची एकही मॅच आजवर बघितलेली नाही. ती लीग होते, इथेच होते, पास-बिस लागत नाही. पण मला बालेवाडीचे फ्लडलाइट्स आणि ब्राझीलचा मार्सेलिन्यो हवा होता. म्हणजे मीही कस्टमरच होतो की.

तरी पण टीम बदलणार नाही. मुंबई सिटी घे, केरळ घे, असे सल्ले मिळतात. पंचविशीनंतर नवीन टीम घेणं मला तरी जमत नाहीये.

असो. पैलवान आता कोल्हापुरातच असतो. पुढच्या सीझनला शाहू स्टेडियमवर मॅच बघायला ये म्हणून मागे लागलाय. मी म्हटलं, येतो, पण माझी नारिंगी जर्सी घालून येणार. तो म्हणाला, "घाल की, पण गेटवर विचारतील, कुठल्या तालमीचा?"

निंबाळकर तालीम म्हणून सांगीन.