अकूस्टिक बेस गिटार घेताय? अ‍ॅम्पचे पैसे आधी बाजूला काढा



या ग्रुपवर आजोबांच्या पेटीच्या, वाड्यातल्या भजनांच्या आठवणी येतात. वाचून बरं वाटतं. पण त्याच घरांतली मुलं आता गिटार वाजवतात आणि गणपतीत आरती-भजनाला साथ करू म्हणतात. आमच्या इंदूरकडे तर अशी मुलं बरीच दिसतात. त्यातलं एखादं म्हणतं, "बाबा, अकूस्टिक बेस हवा." माझं मत विचाराल तर जरूर घेऊन द्या. फक्त "पोकळ लाकडाची आहे, म्हणजे अ‍ॅम्पशिवाय भागेल" या हिशोबाने घेऊ नका.

कारण साधं आहे. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. इतका खर्जातला स्वर हवेत नीट उमटायला मोठं पोट लागतं. म्हणून तर उभा डबल बेस माणसाएवढा असतो. अर्नी बॉल यांनी १९७२ मध्ये अर्थवुड नावाचा अकूस्टिक बेस बाजारात आणला, त्याचं पोटही भलतंच मोठं होतं. मांडीवर मावणारा बेस एकट्याने खोलीत छान वाजतो, पण पेटी, तबला आणि चार टाळ सुरू झाले की संपलं. मुलगा जोर लावतो, बोटं सोलतात, ऐकू काहीच येत नाही. मग दोन महिन्यांत वाद्य माळ्यावर.

दुकानात काय बघायचं? आतला पिकअप आणि प्रीअ‍ॅम्प. वायर जोडून चारही तारांचा आवाज सारखा येतो का ते ऐका. जाड तारेवर एकेक पडदा वाजवा; एखादाच स्वर घुमत किंवा मरत असेल तर दुसरा नग मागा. महागड्या अखंड लाकडाचा हट्ट नको. प्लायची पाटी हवामान जास्त सोसते आणि घुमतेही कमी. मूल लहान असेल तर ३४ इंची तारेऐवजी आखूड मापाचा बघा.

आता अ‍ॅम्प. घरातला छोटा गिटार अ‍ॅम्प चालणार नाही. खर्जात त्याचा स्पीकर फडफडतो. बेसचा किंवा कीबोर्डचा अ‍ॅम्प घ्या, १० इंची स्पीकरवाला. मंडपात मात्र डीआय बॉक्स लावून थेट मिक्सरला द्या. आवाज घूं-घूं करू लागला तर स्पीकरसमोरून बाजूला बसा, भोकाला रबरी झाकण लावा, फेजचं बटण फिरवून बघा. डग्ग्याशी भांडण होत असेल तर बेसचा खर्ज थोडा उतरवा. डग्गा आपला जुना मानकरी आहे!

कोणी म्हणेल, मग सरळ इलेक्ट्रिक बेसच का नको? रॉक बँडसाठी तोच बरा. पण भजनाच्या बैठकीत लाकडाचा स्वर पेटीशी जास्त जुळतो, असं माझं मत. काळी एकचं भजन असेल तर ए तारेच्या चौथ्या पडद्यावर सा आणि डी तारेच्या सहाव्यावर पंचम. एवढं आलं की पहिल्या दिवशी साथ होते.

बजेट कमी असेल तर वाद्य एक पायरी खालचं घ्या, अ‍ॅम्प मात्र टाळू नका. पेटीशेजारी बसलेल्या नातवाचं वाजवणं आजीला ऐकू आलं पाहिजे, नाहीतर तो पुढच्या वर्षी बसणार नाही.

तुमच्याकडे बडोद्याला, बेळगावला, गोव्यात काय अनुभव आहे? जरूर लिहा.