परतीचा पाऊस व तळ्यांतील मासा

आश्विनांतील आभाळाकडे वऱ्हाडांत कपाशीचा धनी जसा पाहतो, तसाच भोई आणि धीवरही पाहतो. परंतु फुटलेलें बोंड भिजलें किंवा सोयाबीनची गंजी सडली, म्हणजे गांवभर बोभाटा होतो. तळ्यांतील मासा मेला, तर त्याची दखल सहसा कोणी घेत नाहीं. हा प्रश्न कास्तकाराचा नव्हे, असा समज रूढ आहे. तो सोडून देण्याची वेळ आली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ऋतुमान सरकलें आहे, हें आतां सरकारी हवामानखात्यानेंही मान्य केलें आहे. वायव्य राजस्थानांतून पाऊस माघारीं फिरण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वीं १ सप्टेंबर धरीत. २०२० सालीं ती १७ सप्टेंबर ठरविण्यांत आली. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या पावसानें उभ्या व कापलेल्या पिकांची काय दशा केली, तें वाचकांस सांगावयास नको.

ह्याचा माशावर परिणाम दोन प्रकारें होतो. कटला, रोहू व मृगळ ह्यांस सुमारें २५ ते ३० अंश उष्णतेचें पाणी मानवतें. थंडी पडली कीं त्यांचें खाणें व वाढणें मंदावतें. पाऊस लांबून तळें उशिरां भरलें, तर बोटुकलीही उशिरां सोडावी लागते. तिला वाढीचे उबदार दिवस थोडे मिळतात, आणि उन्हाळ्यांत तळें आटूं लागतें, तेव्हां मासा बाजारजोगा झालेला नसतो. दुसरें असें कीं, तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. त्यांत आभाळ भरून राहिलें, म्हणजे पाण्यांतील सूक्ष्म शेवाळ दिवसां पुरेसा प्राणवायु करीत नाहीं, रात्रीं मात्र असलेला ओढून घेतें. मग पहांटे मासे वर येऊन तोंड उघडूं लागतात.

एवढें निसर्गाचें झालें. आमच्या हातचें त्याहून वाईट आहे. ह्याच दिवसांत कपाशीवर अळीची फवारणी चालते. सायपरमेथ्रिनसारखीं औषधें माशांस अत्यंत विषारी आहेत. मागाहून आलेली सर तीं शेतांतून नाल्यांत, व नाल्यांतून तळ्यांत आणि पूर्णेंत नेते. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर दगावले. जें विष माणसाची गय करीत नाहीं, तें माशाची काय करणार?

कोणी म्हणेल, पीक हातचें जात असतां माशाची चिंता कोणी वाहावी? त्यास आमचें उत्तर असें कीं, मासा आतां परक्याचा राहिलेला नाहीं. २०१६ सालीं निघालेल्या ‘मागेल त्याला शेततळें’ ह्या योजनेनंतर अनेक कास्तकारांच्या शिवारांत स्वतःचें तळें झालें आहे. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत तर विहिरीचें पाणी खारें. तेथें पावसाचें सांठविलेलें गोडें पाणी हेंच धन. त्यांत वाढलेला मासा हें दुसरें पीकच होय.

म्हणून आमची सूचना अशी. पावसाचीं चिन्हें असतां फवारूं नये. पंप नाल्यावर धुऊं नये. नाल्याच्या कडेस गवताचा पट्टा राखावा. तळें उशिरां भरल्यास लहान बीज न सोडतां वाढलेली बोटुकली सोडावी, आणि आभाळाच्या दिवशीं खाद्य बंद ठेवावें. महानच्या काटेपूर्णा व मोर्शीजवळील अप्पर वर्धा ह्यांसारख्या जलाशयांवर रब्बीच्या पाण्याची आंखणी होते, तेव्हां मच्छीमार सहकारी संस्थांचें म्हणणेंही ऐकून घ्यावें. गांवतळ्यांतून ओलित करणाऱ्यांनीं तळाशीं मासा जगेल एवढें पाणी शिल्लक ठेवावें.

पाऊस केव्हां परतावा हें कोणाच्याही हातीं नाहीं. परतणाऱ्या पावसानें आपल्या शेतांतून काय वाहून न्यावें, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.