विश्लेषण : शेतकरी कंपन्यांना गोदाम मिळाले, क्षमतेचे काय?

राज्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांची संख्या झपाट्याने वाढली. पण त्यातील अनेकींचा व्यवसाय खते-बियाण्यांची विक्री आणि हमीभावाने शेतमाल खरेदी यापुढे सरकलेला नाही. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’सारख्या मोजक्याच कंपन्या पुढे का गेल्या?

कायदा काय सांगतो?

वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींनंतर २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. किमान १० उत्पादक एकत्र येऊन कंपनी काढू शकतात. समभाग उत्पादकांकडेच राहतात आणि शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. २०२० मध्ये केंद्राने १० हजार संस्थांसाठी ६,८६५ कोटींची योजना आणली. त्यात व्यवस्थापन खर्चासाठी प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते.

द्राक्षाने काय शिकवले?

२०१० मध्ये सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्याने युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली. अनेक बागायतदारांचे कंबरडे मोडले. खरड छाटणीनंतर वापरलेल्या औषधाचा हिशेब थेट परदेशातील बंदरावर द्यावा लागतो, हे तेव्हा उमगले. २०११ मध्ये विलास शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री’ उत्पादक कंपनी म्हणून उभी राहिली. प्रत्येक प्लॉटच्या फवारणीची नोंद आणि अंशांची तपासणी जमली, की परदेशी सुपरमार्केटला माल देता येतो. प्रतवारी नेमकी झाली, की उरलेल्या मालासाठी प्रक्रिया परवडते. म्हणजे आधी कौशल्य आले, बिझनेस मॉडेल त्यातून घडले. इतरत्र नेमके उलटे होते. आधी अनुदानातून यंत्र येते आणि मग त्यावर काय चालवायचे, याचा शोध सुरू होतो.

भांडवलाची अडचण कशी सुटली?

उत्पादक कंपनीत बाहेरच्या गुंतवणूकदाराला भागधारक होता येत नाही. त्यामुळे ‘सह्याद्री’ने काढणीपश्चात व्यवसाय उपकंपनीकडे दिला. २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे ३१० कोटी रुपये घातले. ही वाट कल्पक असली तरी निर्धोक नाही. नफा उपकंपनीत आणि मत मूळ कंपनीत, अशी विभागणी झाली तर शेतकरी मालकाऐवजी केवळ पुरवठादार उरू शकतो. भावाचे सूत्र आणि संचालक मंडळातील शेतकऱ्यांचे वजन आधीच लेखी ठरलेले असणे, हाच त्यावर उपाय.

मग सरकारने काय करावे?

द्राक्षबाग लावल्यापासून चांगले पीक हाती येईपर्यंतच साधारण दोन वर्षे जातात. तीन वर्षांत कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. मदतीची मुदत पिकाच्या चक्राप्रमाणे ठरवावी. पैसा शेड आणि यंत्रांवर कमी, तर कृषी पदवीधर, तपासणी, नोंदी आणि पूर्णवेळ व्यवस्थापकावर अधिक खर्च व्हावा. कंपन्या किती नोंदल्या, यापेक्षा सभासदाच्या किलोमागे किती रुपये वाढले, हे मोजले पाहिजे. नाहीतर अनुदान संपताच गोदामाला कुलूप लागेल आणि शेतकरी पुन्हा आडत्याच्या दारात उभा राहील.